औसज झोपलंय

सदर : वाळूतलं अंगण

मंडळी, मागच्या अंकात खाऱ्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर कशी काढायची ते लिहिलं होतं. त्यावर भरपूर पत्रं आली. भरपूर म्हणजे चार, आणि त्यातलं एक माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं. पण एका वहिनींनी नेमकं माझ्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवलंय. त्या विचारतात, ‘भाऊजी, तुमच्याकडे वाळवंटात करवंद येतं का हो? मुलांना एकदा तरी जाळीवरून तोडून खायला घालायचंय.’

वहिनी, उत्तर एका शब्दात : नाही. निदान मला तरी जमलं नाही. पण करवंदाच्या नादानं आमच्या होशात (घराभोवतीच्या उंच भिंतीआडच्या अंगणाला इथं होश म्हणतात) जे झुडूप आलं, त्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. तेव्हा आजचं सदर त्याच्यावर.

आधी जागेची ओळख, कारण ‘सौदी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक तर रियाध येतं नाही तर उंट. बुरैदा हे कसीम प्रांताचं मुख्य शहर. रियाधच्या वायव्येला साधारण ३५० किलोमीटर. खजुराचं गाव. ऑगस्टमध्ये खजुराचा बाजार भरतो तेव्हा पहाटेपासून पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास, आणि थंडीत काही रात्री तो चक्क शून्याला टेकतो. पाऊस वर्षाकाठी १००-१५० मिलिमीटर. आपल्या महाबळेश्वरला आषाढात तेवढा एका दिवसात होतो आणि वर लोक म्हणतात, ‘यंदा काही खरं नाही.’

मी लांज्याकडचा. घरामागे कातळ, कातळावर जांभ्याचा गडगा आणि गडग्याला लागून करवंदाच्या जाळ्या. मे महिन्यात आमचा दिवस तिथंच मावळायचा. करवंद फोडायचं, आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्यानं पुढची जाळी शोधायची. ओठ चिकानं चिकट, कोपरं खरचटलेली. आमची लेक २०१० सालची, तिचं अख्खं बालपण बुरैद्यात. करवंद तिला ठाऊक होतं ते आजीच्या लोणच्याच्या बरणीतलं. तिला कोंबडा-कोंबडी दाखवायचं असं मी मनाशी घेतलं होतं.

२०१८ च्या जूनमध्ये आईनं पिकल्या करवंदांच्या बियांची पुरचुंडी बॅगेत घातली. करवंदाचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, ठेवलं की त्याची उगवण जाते, हे आईला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. इथं एक कबुलीजबाब देऊन टाकतो. असं बी-बियाणं सर्टिफिकेटशिवाय देशाबाहेर नेणं चुकीचंच. त्यामागे कारणं आहेत, ती पुढे येतीलच. मी केलं ते तुम्ही करू नका.

बी उगवलं. सात रोपं झाली. पुढच्या वसंतात ती होशात लावली, वर हिरवी जाळी बांधली, रोज संध्याकाळी बादलीनं पाणी. सौ. म्हणायची, ‘मला ताप आला होता तेव्हा इतक्या वेळा विचारपूस नव्हती हो केली.’ सातातली चार रोपं ४५ डिग्रीचा उन्हाळा काढून गेली! मी इतका फुगलो की शेजारपाजारी फोटो पाठवले. आणि जानेवारी २०२० मधल्या एका रात्री थंडी पडली. सकाळी चारही रोपं उकडलेल्या पालकासारखी काळी-हिरवी लोंबत होती. मोठ्या करवंदानं कदाचित तग धरला असता. दीड वर्षाच्या पोराला काय झेपणार? उन्हाचा बंदोबस्त करण्याच्या नादात मी थंडीचा विचारच केला नव्हता. इंजिनियर माणूस, पण डिझाइन एकाच लोडचं केलं!

त्यानंतर महिन्याभरानं आम्ही ‘कश्ता’ला गेलो. कश्ता म्हणजे इथली हिवाळ्यातली रानातली सहल. वाळूत सतरंजी, शेकोटी, गावा म्हणजे वेलदोड्याची फिकी कॉफी, आणि इथला प्रसिद्ध क्लेजा. हे खजुराच्या पाकाचं सारण भरलेलं बिस्किट आमच्या सौ.ला सांज्याच्या पोळीचं चुलतभावंड वाटतं. आमच्या गल्लीतले एक म्हातारबाबा आहेत, त्यांच्या खजुराच्या शेतावर आम्हाला बोलावणं होतं. त्यांना आम्ही सगळे ‘अम्मी’ म्हणतो. अरबीत अम्मी म्हणजे माझे काका. आमच्या हैदराबादी मित्रांची मात्र या हाकेनं दर वेळी हसून पुरेवाट होते.

शेताच्या कुंपणाला एक पांढुरक्या फांद्यांचं, काटेरी, विस्कटलेलं झुडूप होतं. पानं बारीक, झुपक्यानं आलेली, किंचित मांसल. फुलं पांढरट-जांभळी, लांबट नळीसारखी. आणि मधूनमधून वाटाण्यापेक्षाही लहान, लालभडक, चकचकीत फळं. मी थबकलोच. हे झाड मी आधी पाहिलं होतं, पण इथं नव्हे.

२००३ ते २००५ मी अमेरिकेत अ‍ॅरिझोनात टूसॉनला एम.एस. करत होतो. विषय पाण्याचा, खिशात पैसा नाही, त्यामुळे शनिवार-रविवारची करमणूक म्हणजे फुकटात डोंगर चढणं. तिथल्या सोनोरन वाळवंटात अगदी असंच झुडूप होतं, वुल्फबेरी म्हणायचे त्याला. तिथले मूळचे तोहोनो ओओधाम लोक ती फळं पूर्वापार खात आले आहेत. हल्ली सुपरमार्केटात सोन्याच्या भावानं जी वाळवलेली गोजी बेरी मिळते, तीही याच घराण्यातली, चीनकडची. सौदीच्या रानातल्या या भावाचं शास्त्रीय नाव लायसियम शावाय, आणि अरबी नाव औसज. कूळ म्हणाल तर वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची यांचंच. फूल नीट पाहिलंत तर नातं थोडं कळतं, आणि फळ फोडलंत तर अगदीच कळतं. आत इवल्या टोमॅटोसारखा गर आणि चपट्या बिया.

अम्मींनी दोन फळं तोडून आधी स्वतः खाल्ली, मग लेकीच्या हातावर ठेवली. तिनं तोंडात टाकून विचार केला आणि निकाल दिला, ‘बाबा, आधी गोड, मग आंबट, मग थोडंसं कडू.’ मीही खाल्लं. करवंदाची सर नाही हे खरं. पण पंधरा वर्षांनी झाडावरून तोडून काहीतरी खाल्लं होतं.

अम्मींनी मूठभर फळं रुमालात बांधून दिली. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, सगळे घरात कोंडले गेलो, आणि आम्हा बापलेकीला उद्योग मिळाला. आता ज्यांना लावायचं असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो. सौदीत, आखातात राहणाऱ्यांना सरळ उपयोगी पडेल. इतरांनी आपापल्या मुलखातल्या झुडपाला लावून पाहावी.

फळं पाण्यात कुस्करून एक दिवस ठेवावीत, म्हणजे गर सुटतो आणि बी तळाशी बसतं. ते धुऊन सावलीत वाळवावं. पिशवीत दोन भाग वाळू, एक भाग जुनं लेंडीखत. बी अगदी वरवर पेरावं, नखभर मातीखाली. हवा उबदार असेल तर दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. हिवाळ्यात फाटे कलमही करता येतं : पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची पक्की काडी ओल्या वाळूत खोचून ठेवायची. जमिनीत लावणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे मुळांना पुढच्या उन्हाळ्यापूर्वी सहा-सात महिने मिळतात. जागा भरपूर उन्हाची, आणि वाटेपासून, सायकलींपासून लांब, कारण काटा चांगला बोचतो. झुडूप माणसाच्या उंचीच्या वर जातं, तेव्हा दोन-तीन मीटर जागा द्यावी. पहिलं वर्षभर आठवड्यातून एकदा खोल पाणी. आम्ही शेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि ते भरून ठेवत गेलो. पाणी पाझरत खाली जातं, मूळही त्याच्यामागे खाली जातं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच रेंगाळतात आणि उन्हात मार खातात. दुसऱ्या वर्षापासून पाणी कमी करत न्यायचं.

आणि एक सूचना ठळक अक्षरांत छापल्यासारखी वाचा. ज्याची ओळख शंभर टक्के पटलेली नाही असं कुठलंही रानफळ मुलांना देऊ नका. वांग्या-टोमॅटोच्या याच कुळात धोतराही आहे. आमच्याकडे नियम असा : अम्मींनी किंवा बाबांनी आधी खाल्ल्याशिवाय कुणी खायचं नाही, आणि हिरवं फळ कुणीच खायचं नाही.

तर ऑक्टोबर २०२० मध्ये औसज होशात गेलं. हिवाळा निघाला, वसंतात ते गुडघाभर झालं. लेकीनं त्याच्या शेजारी पाटी लावली, ‘कृपया हात लावू नये’, अरबीत आणि मराठीत. मराठी कोण वाचणार होतं कोण जाणे. आणि जुलै २०२१ मध्ये पानं पिवळी पडायला लागली. मी पाणी वाढवलं. आणखी गळली. आणखी वाढवलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झुडपावर एक पान उरलं नाही. नुसत्या पांढऱ्या काड्या. माझ्या डोळ्यांपुढे करवंदाची ती सकाळ. एका शुक्रवारी मी फावडं घेऊन गेलो, म्हटलं, लेक उठायच्या आत उपटून टाकू, निदान तिला बघावं लागणार नाही.

अम्मी मशिदीतून परतत होते. फाटक उघडं, माझ्या हातात फावडं. ते आत आले, वाकले, नखानं फांदीची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं! माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हादा नायम.’ हे झोपलंय.

मग समजावून सांगितलं. कडक उन्हाळ्यात औसज स्वतःच पानं टाकतं. पानातून पाणी उडून जातं, तेव्हा पानच नको. त्या अवस्थेत पाणी ओतत राहिलं तर मुळं कुजायची. म्हणजे झाड शहाणपणा करत होतं आणि मी त्याला बुडवत होतो! शिक्षणानं पाण्याचा इंजिनियर. फावडं ठेवून दिलं आणि मडकंही कोरडं पडू दिलं.

‘उठेल कधी?’ मी विचारलं. ‘वस्मला,’ ते म्हणाले.

हा वस्म म्हणजे इथल्या शेतकऱ्यांचा मृग. साधारण १६ ऑक्टोबरला सुरू होतो आणि ५२ दिवस चालतो. तेरा-तेरा दिवसांचे चार तारे, आपल्या नक्षत्रांसारखेच. त्यातल्या एकाचं नाव सिमाक. मी नकाशा काढून पाहिलं तर सिमाक म्हणजे आपली चित्रा! आपल्याकडे सूर्य कुठल्या नक्षत्रात आला ते धरतात, इथं तो तारा पहाटे कधी दिसू लागला ते धरतात, एवढाच फरक. माझे आजोबा चित्राच्या पावसाला घाबरायचे, कारण कापणीला आलेलं भात आडवं होतं. अम्मी त्याच ताऱ्याची वाट बघतात. वस्मात पाऊस झाला तर रानात गवत-पाला येतो, कुत्र्याच्या छत्रीच्या कुळातला फगा नावाचा कंद निघतो, उंटांना चारा होतो.

नोव्हेंबरात दोन सरी आल्या आणि आठवड्याभरात काड्यांवर हिरवे ठिपके. लेकीनं शाळेतून आल्या आल्या आरोळी ठोकली, ‘बाबा, उठलं!’

२०२३ च्या वसंतात पहिली फळं धरली. मोजून एकोणीस. कोंबडा-कोंबडी खेळायला गेलो तर काय, आतून सगळी सारखीच. मग लेकीनंच खेळ काढला : डोळे मिटून खायचं, गोड लागलं तर जिंकलं, कडू लागलं तर भांडी घासायची. भांडी बहुतेक मीच घासली. नंतर फळं वाढली पण आमच्या वाट्याला कमीच, कारण बुलबुलांना पत्ता लागला. शिवाय एका सकाळी काट्यावर टोचून ठेवलेला नाकतोडा दिसला. सौ. म्हणाली, हा कुठल्या पोराचा दुष्टपणा? तो होता खाटीक पक्ष्याचा. शिकार काट्याला अडकवून ठेवायची त्याची पद्धतच आहे. भिंतीआडच्या आमच्या होशात एवढं नाटक चालेल असं वाटलं नव्हतं.

आता मघाच्या कबुलीजबाबाचं कारण. आपल्या सह्याद्रीत घाणेरी माजली आहे ना, तीही एके काळी कुणाच्या तरी बागेसाठीच आणलेली होती. मूळची अमेरिका खंडातली. १९ व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये शोभेसाठी आणली. काळी फळं पाखरांनी खाल्ली, बी सगळीकडे टाकलं, आणि आज जंगलच्या जंगल तिच्याखाली दबलंय. विलायती बाभळीनं तर आपला देश आणि अरबस्तान दोन्हीकडे तेच केलं. फळझाड लावायचं म्हणजे पाखरांच्या हाती बी द्यायचं. जे बी या मातीचंच आहे ते कुठंही पडलं तरी घरीच पडतं.

दुसरं कारण पाण्याचं, आणि ते माझ्या पोटापाण्याचं आहे. कसीममधलं बरंचसं पाणी जमिनीखालच्या हजारो वर्षांपूर्वीच्या साठ्यातलं. ते भरून निघत नाही. १९८० च्या दशकात त्यावर इथं इतका गहू पिकवला की सौदी अरेबिया गहू निर्यात करू लागला. पाणी खोल गेलं, तेव्हा २००८ मध्ये सरकारनं ठरवलं आणि २०१६ पर्यंत देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्यानं बंद केली. आता २०२१ च्या हरित योजनेत १० अब्ज झाडांचा संकल्प आहे आणि त्यात देशी झाडांवर भर आहे. माझा घरगुती हिशेब साधा : ऐन उन्हाळ्यात १०० चौरस मीटर हिरवळ राखायची तर दिवसाला सुमारे १,००० लिटर पाणी लागतं. त्याच दिवसांत औसज काय मागतं? झोप! जाता जाता : रानातली झुडपं तोडायला, उपटायला इथं कायद्यानं बंदी आहे, दंड जबर आहे. रोप नर्सरीतून घ्या, नाही तर आमच्यासारखं कुणाच्या शेतातलं फळ मागून आणा.

इथं खरं तर लेख संपायला हवा. पण वहिनी, तुम्ही मुलांसाठी विचारलंत, म्हणून पुढचंही लिहितो.

मी २०११ मध्ये आलो तेव्हा बुरैद्यात मराठी घरं हाताच्या बोटांवर का होईना, पण दोन्ही हातांची बोटं लागायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला हॉलमध्ये जागा पुरत नसे. जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिन्याला १०० रियाल फी लागू झाली. ती वाढत २०२० च्या जुलैत ४०० झाली. त्यांचा देश, त्यांचा हिशेब, तक्रार नाही. पण बायको आणि दोन मुलं म्हणजे महिन्याला १,२०० रियाल. एकेक घर मुलांना घेऊन गावी परतलं. जाताना प्रत्येकानं कुंड्या आमच्याकडे ठेवल्या : तुळस, कढीपत्ता, गवती चहा. आमचा होश म्हणजे गेलेल्या माणसांची हजेरीपट तयार झाली.

या जुलैत आमची पाळी आली. लेक दहावी झाली, अकरावीला पुण्याला गेली. सौ. तिच्याबरोबर. गल्फच्या भाषेत मी आता पुन्हा ‘बॅचलर’. एवढ्या घराचं एकट्याला काय करायचं, म्हणून ऑक्टोबरअखेर भाडेकरार संपला की मी कंपनीच्या क्वार्टर्समध्ये जाणार. कुंड्या उचलता येतील. औसज येणार नाही, पाच वर्षांचं झुडूप, मूळ किती खाली गेलंय देव जाणे. घरमालकाला विचारलं, ठेवाल ना? ते भले गृहस्थ, म्हणाले, ‘नव्या भाडेकरूच्या गाडीला जागा लागली तर बघू.’ यात काय ते समजा.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, ‘अरे, जायचं होतं तर लावलंस कशाला?’ मला उत्तर सुचलं नाही. तिनंही लांज्याला अजून दर पावसाळ्यात काही ना काही लावलेलं असतं, आणि ते खायला घरात कुणी नसतं, हे मी तिला बोललो नाही. तिला ते माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात बापलेकीनं फाटे कलम केलेली बारा रोपं पिशव्यांत आहेत. आठ अम्मींच्या शेताच्या कुंपणाला जातील, वस्म लागला की. तीन इथल्या ओळखीच्या घरांना. एक कुंडीत माझ्याबरोबर येईल. क्वार्टर्सच्या गॅलरीत ते कितपत जगेल सांगता येत नाही.

लेक निघाली त्या दिवशी झुडपावर एकही पान नव्हतं. बॅगा गाडीत गेल्या, ती परत आत धावली. मला वाटलं पासपोर्ट विसरली. तिनं वाकून नखानं फांदी खरवडली, पाहिलं, आणि मला दटावून म्हणाली, ‘बाबा, एकटे आहात म्हणून उगीच पाणी घालत बसू नका हं त्याला.’

नाही घालत. आज ऑगस्टची वीस तारीख. औसज झोपलंय. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी एक खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसतो आणि पुण्याला फोन लावतो. तिकडून पहिला प्रश्न त्याचाच असतो.

वहिनी, तुमच्या गावात करवंद येत नसेल, पण तिथल्या मातीचं काहीतरी काटेरी, आंबट-गोड कुंपणाला असेलच. एखाद्या तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. बाकीच्या वाचकांनीही आपापल्या गावच्या झुडपाचं नाव आणि चव कळवा. पुढच्या अंकात तीच यादी करू. मेव्हण्यानं या वेळी पत्र नाही पाठवलं तरी चालेल.